चित्रावरून वाहणाऱ्या ओळी

संस्कृत साहित्यशास्त्राने नाटक पाहणाऱ्याला 'सामाजिक' असे एक अर्थपूर्ण नाव दिले आहे. 'प्रेक्षक' हा शब्द पाहण्यापुरता आहे. 'सामाजिक' या शब्दात सभेत, इतरांच्या सोबतीने बसून पाहणे अभिप्रेत आहे. रसाचा आस्वाद घेणाऱ्याच्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागलेला असतो, हे आपल्या पूर्वसूरींनी गृहीतच धरले होते.

आमच्या पिढीला हे गृहीतक कुणी शिकवावे लागले नाही. पावसाळा सरला की चर्चच्या पटांगणात दोन बांबूंच्या मध्ये पांढरा कपडा ताणला जाई, प्रोजेक्टरची घरघर सुरू होई आणि गोणपाटावर बसलेला गाव चित्रपट पाही. त्यांतील कित्येक चित्रपटांची नावे आज स्मरत नाहीत. मात्र खलनायक दाराआड लपला असता मागच्या रांगेतून ओरडून नायकाला सावध करणाऱ्या एका वृद्ध बाईचा आवाज अजून कानांत आहे. त्या आवाजावर सारे पटांगण हसले आणि हसता हसता आम्हां मुलांची भीतीही पळाली. संगीत नाटकांच्या काळात तर 'वन्समोअर'चा पुकारा करून रसिकांनी प्रयोगाची रात्र पहाटेपर्यंत लांबवावी, हा शिष्टसंमत रिवाजच होता. पाहणाऱ्याचा आवाज हा कलेच्या आस्वादातील व्यत्यय नव्हे, तो त्या आस्वादाचाच एक भाग आहे, असे त्या काळी कुणालाही सिद्ध करून दाखवावे लागत नसे.

आज एका छपराखाली चार माणसे असतील तर पडदेही चार असतात. कानांत ज्याचे त्याचे यंत्र आणि हातांत ज्याचे त्याचे चित्र. अशाच एका संध्याकाळी, पुण्याला राहून जपानी भाषेचे शिक्षण घेणारी आमची पुतणी सुटीत घरी आली असता फोनवर काहीतरी पाहत हसत होती.

"एकटीच कशाला हसतेस?" आम्ही विचारले.

"एकटी नाही, काका. हे बघा ना, सगळेच हसताहेत," असे म्हणून तिने फोन आमच्यापुढे धरला.

पडद्यावर एक साधासा जपानी व्हिडिओ चालू होता आणि त्याच्या चित्रावरून उजवीकडून डावीकडे पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत होत्या. एक ओळ दिसेनाशी होण्यापूर्वीच दुसरी येई. मध्येच इंग्रजी 'डब्ल्यू' हे अक्षर पाच-सहा वेळा ओळीने उमटले. 'हसणे' या अर्थाच्या 'वाराई' या जपानी शब्दाचे ते आद्याक्षर आहे, असे पुतणीने सांगितले. मग आठाचे आकडे आले. आठाला जपानीत 'हाची' म्हणतात आणि टाळ्यांच्या आवाजाला 'पाची-पाची'. तेव्हा आठांची रांग म्हणजे टाळ्यांचा कडकडाट!

"एकटी नाही" हे तिचे उत्तर या लेखाचे निमित्त आहे. ते खरे आहे काय, आणि खरे असल्यास कोणत्या अर्थाने, याचा येथे विचार करावयाचा आहे.

क्षणाला चिकटलेली ओळ

या प्रकाराचे माहेर जपान आहे. १२ डिसेंबर २००६ रोजी द्वांगो या कंपनीच्या निवांगो या उपकंपनीने 'निको निको दोगा' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. 'निको निको' म्हणजे गालांतल्या गालांत हसणे आणि 'दोगा' म्हणजे हलते चित्र. नावापुढे कंसात 'तात्पुरते' अशा अर्थाचे अक्षरही होते. प्रारंभी या स्थळाजवळ स्वतःची चित्रे नव्हती. यूट्यूबवरील व्हिडिओ आणावयाचे आणि त्यांवर प्रेक्षकांच्या ओळींचा पारदर्शक पदर पसरावयाचा, एवढेच त्याचे काम होते. दोन-तीन महिन्यांत यूट्यूबने ही वाट बंद केली, तेव्हा मार्च २००७ मध्ये त्याने स्वतःच्या साठवणुकीची व्यवस्था उभारून पुन्हा आरंभ केला. पाहुण्याच्या घरात सुरू झालेल्या बैठकीला अशा रीतीने स्वतःचे घर मिळाले.

यातील युक्ती अगदी साधी आहे, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. प्रेक्षकाने लिहिलेली ओळ कोणत्या दिवशी लिहिली गेली याला येथे महत्त्व नाही. व्हिडिओच्या कोणत्या क्षणी ती लिहिली गेली, याला महत्त्व आहे. समजा, चित्र सुरू होऊन दोन मिनिटे दहा सेकंद झाली असता कुणी 'आता पडणार!' असे लिहिले. ती ओळ त्या क्षणाला कायमची चिकटते. पुढे तीन वर्षांनी दुसरा कुणी तोच व्हिडिओ पाहील, तेव्हा त्यालाही बरोबर त्याच क्षणी ती ओळ समोरून जाताना दिसते. तीन-चार सेकंदांत पडदा ओलांडून ती निघून जाते. अशा ओळींची दाटी झाली की तिला जपानी लोक 'दानमाकु' म्हणतात. तोफगोळ्यांचा पडदा, या अर्थाचा हा मुळातला लष्करी शब्द. तो आधी गोळ्यांच्या वर्षावाच्या व्हिडिओ खेळांत गेला आणि तेथून येथे आला.

एखाद्या घटनेवर सर्वांनी एकाच घटकेला बोलणे ही गोष्ट वेगळी. हायाओ मियाझाकी यांचा १९८६ चा 'लापुता' हा चित्रपट ऑगस्ट २०१३ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखवला गेला, तेव्हा कथेतील मुलांनी विनाशाचा मंत्र उच्चारताच देशभरच्या प्रेक्षकांनी तो मंत्र ट्विटरवर लिहिला. त्या एका सेकंदात १,४३,१९९ संदेश नोंदवले गेले. तेथे घड्याळ सर्वांचे एक होते. घटका टळली की त्या मेळाव्यात सामील होता येत नाही.

'निको निको'च्या बैठकीत मात्र कुणालाही उशीर होत नाही. सातोशी हामानो या जपानी अभ्यासकाने २००८ मधील आपल्या ग्रंथात या अवस्थेला जे नाव दिले आहे, त्याचे मराठी 'भासमान समकालिकता' असे करता येईल. माणसे वेगवेगळ्या दिवशी येतात, पण कथेतील एकाच वळणावर भेटतात. त्यांच्या घड्याळांतील वेळ निराळी असते, कलाकृतीतील वेळ तेवढी एक असते.

समीक्षकाच्या दृष्टीने हीच गोष्ट मोलाची आहे. चित्रपट संपल्यावर लिहिलेला अभिप्राय संपूर्ण कृतीविषयी असतो, त्यात स्मरण आणि विचार असतो. धावती ओळ एका विशिष्ट क्षणाविषयी असते. नटाने मान वळवली, सूर किंचित चढला, मागच्या भिंतीवर घड्याळ दिसले, असे काहीतरी बारीकसे कुणीतरी टिपलेले असते आणि ते आपल्याही नजरेत आणून दिले जाते. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाने हळूच कोपर लावून 'ते बघ' म्हणावे, तसे हे असते.

निनावी कारागीर

या ओळींखाली लिहिणाऱ्याचे नाव दिसत नाही. त्यामुळे येथे कुणी विद्वान नाही, कुणी पाटील नाही, कुणी नवखा नाही. भट्टनायकाने सांगितलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना अशी, की रसानुभवाच्या वेळी भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' राहत नाही. आठांच्या रांगेकडे पाहताना या कल्पनेची आठवण होते. त्या टाळ्यांत अमुक हाताची टाळी वेगळी काढता येत नाही. अर्थात साम्य येथेच थांबवले पाहिजे. रसास्वादाची समाधी आणि क्षणभराचा आनंदोद्गार या एकच वस्तू नव्हेत.

तथापि, या निनावीपणातून एक कारागिरी उदयास आली, हे नमूद केल्याविना पुढे जाता येत नाही. ३१ ऑगस्ट २००७ रोजी क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने 'हात्सुने मिकु' हे गाणारे संगणकीय साधन विक्रीस काढले. शब्द आणि स्वर द्यावेत आणि एका काल्पनिक मुलीच्या आवाजात गाणे तयार व्हावे, असे ते साधन होते. घरोघरच्या हौशी संगीतकारांनी त्यावर रचलेली गाणी 'निको निको'वर लोटली. यंत्राच्या आवाजातले शब्द पुष्कळदा नीट कळत नसत. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गाण्याचे शब्द ओळींच्या रूपाने पडद्यावर घालू लागले, गाण्याचा चरण सुरू होताच ओळ उमटेल अशा बेताने. ओळ वर स्थिर ठेवावी की खाली, मोठी की लहान, कोणत्या रंगाची, यासाठी या स्थळावर छोटे संकेत होते. त्यांच्या साहाय्याने काहींनी अक्षरांची नक्षी रचली, तर काहींनी चिन्हांची फुले केली. अशा लोकांना जपानी प्रेक्षक 'शोकुनिन' म्हणू लागले. सुतार, लोहार, कुंभार यांच्यासाठी वापरला जाणारा, कसबी कारागीर या अर्थाचा हा आदराचा शब्द आहे.

या कारागिरांचे काम टिकाऊ नसे. एका व्हिडिओवर दिसणाऱ्या ओळींची संख्या मर्यादित असल्याने नव्या ओळी आल्या की जुन्या मागे पडत. कष्टाने रचलेली नक्षी पुसून जाई आणि कुणीतरी ती पुन्हा रची. मोबदला नाही, नाव नाही, टिकण्याची हमी नाही. सणाच्या पहाटे अंगणात रांगोळी काढणाऱ्या स्त्रीला ही वृत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

राजवाड्यातील घड्याळे

जपानमधून हा प्रकार चीनमध्ये गेला. २००७ मध्ये एसीफन आणि २००९ मध्ये आज बिलीबिली नावाने ओळखले जाणारे संकेतस्थळ सुरू झाले. चिनी भाषेत या ओळींना 'दानमू' म्हणतात. चित्रलिपी तीच, उच्चार तेवढा वेगळा. बिलीबिलीने पूर्ण सभासदत्वासाठी १०० प्रश्नांची परीक्षा ठेवली आणि तीत धावत्या ओळी लिहिण्याच्या शिष्टाचारावरही प्रश्न घातले. सभेत बसण्यापूर्वी सभेचे नियम शिकावे लागतात, ही जुनी समजूत या नव्या माध्यमालाही सोडता आली नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते.

या स्थळावर गाजलेल्या एका माहितीपटाविषयी थोडे सविस्तर लिहितो. पेकिंगच्या प्राचीन राजवाड्यातील संग्रहालयात जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर चिनी सरकारी दूरचित्रवाणीने तीन भागांची एक मालिका केली. 'मी राजवाड्यात जुन्या वस्तू दुरुस्त करतो' अशा अर्थाचे तिचे शीर्षक आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती प्रथम दाखवली गेली. विषय तसा प्रौढांचा आणि गती संथ. पण बिलीबिलीवर आल्यावर तरुण मुलामुलींनी तिला डोक्यावर घेतले.

या मालिकेत युद्ध नाही, प्रेमकथा नाही, रहस्य नाही. घड्याळांच्या दुरुस्तीचे उस्ताद वांग चिन सम्राटांच्या संग्रहातील एक सोनेरी यांत्रिक घड्याळ खोलून बसले आहेत. त्यावर एक छोटेसे खेडे आहे. आतील चक्रे जुळली की त्या खेड्यातील प्राणी हलू लागतात आणि पाणी वाहिल्याचा भास होतो. दिवसचे दिवस चक्राला चक्र जुळवण्यात जातात. बाहेर अंगणात राजवाड्याची मांजरे फिरत असतात, झाडाची पिकलेली फळे कारागीर काठीने पाडून वाटून खातात आणि पुन्हा कामाला बसतात.

अशा चित्रावर धावत्या ओळी म्हणजे रसभंगच होईल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात काही ठिकाणी तिच्या उलट घडते. फळे पाडण्याच्या किंवा मांजरांच्या प्रसंगी चेष्टामस्करीच्या ओळींची गर्दी होते, हे खरे. परंतु एखाद्या उस्तादाने दीर्घ काळ निगुतीने केलेले काम पूर्ण होते, तेव्हा थट्टेचा सूर बदलतो आणि ओळींत आदर उमटतो. ज्यांनी आयुष्यात कधी कानस हातांत धरली नसेल, अशी मुले एका कारागिराच्या हातांपुढे नम्र होतात. आणि ती एकेकटी नम्र होत नाहीत. दुसऱ्याही कुणाला येथे भरून आले, हे दिसल्यामुळे प्रत्येकाला आपल्या भावनेची लाज वाटेनाशी होते. तरुणपणी आदर व्यक्त करण्याचा संकोच फार मोठा असतो. तो संकोच या ओळींनी दूर केला, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

टीकाकार मालक होतो तेव्हा

मूळ शब्दांच्या भोवती वाचकाने आपले शब्द लिहावेत, ही गोष्ट नवी नाही. बाराव्या शतकात युरोपातील मठांत आणि विद्यापीठांत बायबलच्या ज्या सटीक प्रती सिद्ध झाल्या, त्यांत पानाच्या मध्यभागी पवित्र वचन आणि सभोवार पूर्वाचार्यांच्या टीपा अशी रचना असे. अनेक घरांत आजीच्या प्रार्थनापुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा सापडतात. एखाद्या प्रार्थनेपाशी कुणाच्या आजारपणाची तारीख, एखाद्या स्तोत्रापाशी नुसती उभी रेघ. ते पुस्तक पुढे हातांत घेणारी नात त्या रेघेपाशी थांबतेच. आजी आणि नात यांचे वाचन एका क्षणी होत नाही, पण एका ओळीपाशी होते. पुतणीच्या फोनवरील ओळी या समासातील रेघांच्याच गोत्रातील आहेत.

परंतु चीनच्याच साहित्यात या गोष्टीची दुसरी बाजूही दिसते. तेथे कादंबरीच्या ओळी-ओळींच्या मध्ये टीकाकाराने शेरे लिहावेत आणि ते शेरे मूळ ग्रंथासह छापले जावेत, अशी जुनी परंपरा आहे. सतराव्या शतकातील जिन शेंगथान हा तिचा सर्वांत नामवंत टीकाकार. 'पाणथळीचे बंडखोर' अशा अर्थाने ओळखता येईल, त्या जुन्या कादंबरीची सटीक आवृत्ती त्याने १६४१ च्या सुमारास सिद्ध केली. तिच्यातील शेरे तल्लख आणि रसिक आहेत. कुठे तो लेखकाला शाबासकी देतो, कुठे वाचकाचा हात धरून त्याला थांबवतो. पण तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. कादंबरीचा उत्तरार्ध त्याला पसंत नव्हता. तेव्हा ७० प्रकरणांपुढचा भाग त्याने कापून टाकला आणि हीच प्राचीन अस्सल प्रत आहे असे जाहीर केले. पुढे कित्येक पिढ्यांनी ती कादंबरी त्याने कापलेल्या रूपातच वाचली.

समासात बसलेला टीकाकार असा हळूहळू घराचा मालक होतो. धावत्या ओळींविषयी आमची पहिली तक्रार हीच आहे. ओळींची दाटी झाली की खालचे चित्र झाकले जाते. नटाचा चेहरा, दिग्दर्शकाने योजलेली शांतता, छायाचित्रकाराने साधलेला अंधार, यांवर अक्षरांचा मारा होतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये चीनमधील काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी फोनवरून संदेश पाठवावेत आणि ते पडद्यावर दाखवावेत, असा प्रयोगही झाला. ज्या अंधारात माणसे खरोखरीच शेजारी बसली होती, तेथे त्यांनी शेजाऱ्याशी बोलण्याऐवजी मान खाली घालून अक्षरे लिहावीत, हा विरोधाभास आम्हांला खिन्न करून गेला. बिलीबिलीने पुढे अशी सोय केली, की ओळी माणसाच्या आकृतीच्या मागून जाव्यात, चेहरा झाकला जाऊ नये. यंत्रानेही अखेर चेहऱ्याचा मान ओळखला!

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आठांची रांग पाहिली की हात आपोआप आठाच्या कळीकडे जातो. येथे हसावयाचे, येथे रडावयाचे, येथे टाळ्या वाजवावयाच्या, हे आधीच लिहून ठेवलेले असते. नव्या प्रेक्षकाला स्वतःचा पहिला प्रतिसाद शोधण्याची सवडच मिळत नाही. 'सहृदय' होण्याआधीच तो 'समूह' होतो. पुढे काय घडणार हे सांगून इतरांच्या उत्कंठेवर पाणी ओतणारे महाभाग असतात ते वेगळेच. नाव नसल्यामुळे ज्या जिभेला मोकळीक मिळते, तिलाच जबाबदारीही उरत नाही. निनावी कारागीर आणि निनावी निंदक एकाच दारातून आत येतात.

ही निंदा आवरण्यासाठी बाहेरचा पहारेकरी बोलावला, तर तो केवळ निंदकालाच अडवील याचीही शाश्वती नसते. चीनमध्ये २०१९ च्या जानेवारीत लघु व्हिडिओंसाठी जे नियम आले, त्यांत धावत्या ओळी दाखवण्यापूर्वी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा होती. आणि डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी नियमावलीत प्रेक्षकांच्या अभिप्रायांत 'दानमू'चा उल्लेख नावानिशी आला. पटांगणातील त्या वृद्ध बाईने ओरडण्यापूर्वी आपले वाक्य कचेरीत नेऊन मंजूर करून आणले असते, तर नायकाचे काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

तात्पुरते घर

हा लेख येथेच, काहीशा प्रतिकूल निर्णयावर, संपवावा असे मनात होते. दोन गोष्टींनी तो निर्णय सौम्य केला.

पहिली गोष्ट जपानमधील. ८ जून २०२४ रोजी 'निको निको'वर मोठा सायबर हल्ला झाला आणि सारे संकेतस्थळ बंद पडले. ते पूर्ववत सुरू व्हावयास ५ ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात तेथील तंत्रज्ञांनी अवघ्या तीन दिवसांत एक लहानशी पर्यायी जागा उभारली आणि १४ जूनला ती लोकांसाठी खुली केली. नावात पुन्हा तेच 'तात्पुरते' हे अक्षर आले. तीत बहुतेक सोयी नव्हत्या. जुने काही व्हिडिओ पाहता येत होते, आणि त्यांवर ओळी लिहिता येत होत्या. आग लागून घर गेले असता माणूस आधी काय उभारतो, यावरून त्याच्या दृष्टीने घर म्हणजे काय हे कळते. या लोकांनी आधी बैठक उभारली. १७-१८ वर्षांपूर्वीची जुनी चित्रे पाहावयास माणसे आली ती चित्रांसाठी खचित आली नसावीत.

दुसरी गोष्ट घरातली. या लेखाचा कच्चा खर्डा आम्ही पुतणीला वाचून दाखवला. 'समूह' आणि 'सहृदय' हा आमचा आवडता भेद तिने शांतपणे ऐकून घेतला. मग ती म्हणाली, "काका, पहिल्या वर्षी होस्टेलवर माझी कुणाशीच ओळख नव्हती. रात्री जेवून आले की खोलीत मी एकटीच असायचे. त्या ओळी असल्या की निदान खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. तेव्हा मला कुठं ठाऊक होतं, ते लिहून पाच वर्षं झालीत म्हणून?"

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. त्या वर्षी आम्ही तिला आठवड्यातून एकदा फोन करीत होतो, आणि 'अभ्यास कसा चालला आहे?' एवढेच विचारीत होतो.

तेव्हा आमचा निर्णय असा आहे. धावत्या ओळी ही खरी सोबत आहे, पण ती खुणांची सोबत आहे. आजीच्या पुस्तकातील रेघ नातीला थांबवू शकते, पण नातीचा चेहरा उतरला आहे हे त्या रेघेला दिसत नाही. पडद्यावरील ओळ आपल्याबरोबर हसते, पण आपण आज आलो नाही तर ती आपली वाट पाहत नाही. हे ओळखून तिचा स्वीकार करावा. चांगली कलाकृती प्रथम ओळी बंद करून पाहावी, आपला उद्गार आपल्याला सापडू द्यावा, आणि मग दुसऱ्या वेळी ओळी उघडून इतरांना काय दिसले ते पाहावे. आणि घरातील मुलांना 'एकटाच काय हसतोस?' असे विचारण्याआधी वडीलधाऱ्यांनी शेजारी जाऊन बसावे.

एवढे लिहून झाल्यावर येत्या रविवारी आपणच हा उपदेश अमलात आणावा असे ठरले. राजवाड्यातील कारागिरांची ती मालिका पुतणीने मोठ्या पडद्यावर लावली. ओळी बंद ठेवल्या होत्या. भाषांतराच्या ओळी ती आम्हांला मराठीत सांगत होती. पहिली दहा मिनिटे घरात पूर्ण शांतता होती. मग वांग चिन चष्मा सावरून घड्याळाच्या पोटात डोकावले, तेव्हा आमच्या ८२ वर्षांच्या आईने खुर्चीतूनच त्यांना सांगितले, "अरे, उजेडात घे की जरा!"

पुतणी हसली, आम्ही हसलो, आणि आईने आमच्याकडे रागाने पाहून सर्वांना गप्प राहण्यास सांगितले. कारण घड्याळ चालू व्हावयाचे होते.